केवलरामांची धमकी

भिलाईच्या स्मृति नगरातल्या केवलरामांना राग येत नाही, ही गोष्ट अख्ख्या कॉलनीला ठाऊक होती. पोलादाच्या प्लांटात, रेल मिलमध्ये लालबुंद रुळांच्या शेजारी उभी हयात गेली, पण गडी स्वतः कधी तापला नाही. घरात पाल निघाली तर तिला झाडूने दार दाखवायचे आणि वर म्हणायचे, "जाय बाई, उगीच चेंगरशील." घरातलं रागाचं खातं मथुराबाईंकडे होतं आणि त्या ते चोख सांभाळत. आता अशा माणसावर ऐन म्हातारपणी पोटच्या पोराला जिवे मारण्याची धमकी द्यायची वेळ यावी, आणि तीही कॅमेऱ्यासमोर, याला नशीबच म्हणायचं.

त्यांचा एकुलता एक पीयूष कॅनडात होता. तिथल्या कुठल्याशा कॉलेजात शिकायला गेला, शिकला, नोकरीला लागला. एक दिवस सकाळीच त्याचा फोन आला. आवाज इतका पडलेला की मथुराबाईंनी हातातलं पोह्यांचं पातेलं तसंच खाली ठेवलं.

"बाबा, एक काम होतं," पीयूष म्हणाला. "तुमाले मले मारून टाकाची धमकी द्या लागते."

"कावून?" केवलरामांनी शांतपणे विचारलं. "काय केलं तू?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पीयूषची नोकरी गेली होती. राहण्याचा परवाना संपत आला होता. त्याने पराग भैय्याला फोन लावला. हा पराग नेहरू नगरात हायवेला लागून बसायचा. आधी त्याचा कोचिंग क्लास होता. पोरं पास होईनात म्हणून त्याने ती परदेशी पाठवायला सुरुवात केली आणि त्यात त्याचं बरं चाललं होतं. पराग म्हणाला, आश्रय मागून टाक. ज्याच्या जिवाला त्याच्या स्वतःच्या देशात धोका आहे, त्याला तिकडचं सरकार ठेवून घेतं. आता पीयूषच्या जिवाला धोका कोणापासून? त्याला तर भिलाईत डासांपलीकडे कोणी त्रास दिलेला नव्हता. परागने डोकं लढवलं आणि धोका बापापासून ठरवला. पीयूषचं एका बौद्ध मुलीवर प्रेम, बाप जातीचा कट्टर, दोघांनाही कापून टाकायची त्याने शपथ घेतलेली. अर्ज भरून झाला होता, सही झाली होती. आता सुनावणीसाठी पुरावा हवा होता.

"पोरगी कोणती लिहिली?" मथुराबाईंनी विचारलं. महत्त्वाचा प्रश्न नेहमी त्यांनाच आधी सुचतो.

मग पीयूष हळूच म्हणाला, "रीना दीदी."

रीना म्हणजे प्रेमानंदांची मुलगी. प्रेमानंद आणि केवलराम रेल मिलमध्ये एकाच शिफ्टला होते, सेक्टर २ मध्ये क्वार्टरला क्वार्टर लागून होतं, आणि निवृत्तीनंतर दोघांनी दोन गल्ल्यांच्या अंतरावर घरं बांधली. रीना पीयूषपेक्षा चांगली मोठी. लहानपणी तिनेच त्याला कान पिळून पाढे शिकवले होते. आता ती दुर्गच्या कोर्टात वकील होती आणि तिला दोन जुळ्या मुली होत्या.

"दुसरं नावच आठवलं नाही, आई," पीयूष म्हणाला. "पराग भैय्या बोले, जल्दी बताओ, फॉर्म बंद हो रहा है."

आता कोणालाही वाटेल की केवलराम हादरले असतील. ते हादरले नाहीत, आणि त्याला कारण होतं. प्लांटात एक जुनी रीत होती. सुट्टी हवी असली की अर्जात गावाकडचं कोणीतरी मारायचं. खरं कारण लिहिलं तर साहेब सुट्टी देत नाही, आणि मयत म्हटलं की त्यालाही नाही म्हणवत नाही. केवलरामांनी आपल्या धोंडबा काकाला अशा अर्जांत पुष्कळदा मारलं होतं, धानाच्या कापणीला एकदा आणि लग्नसराईत एकदा, असं जवळपास दरसाल. काका गोंदियाकडे मजेत जगले आणि भाच्यापुतण्यांच्या लग्नात पंगतीला पहिल्या ओळीत बसले. साहेबाला ठाऊक होतं, बाबूला ठाऊक होतं, कोणाचं काही बिघडलं नाही. अर्ज म्हटला की त्यात माणूस थोडाफार मरतोच, अशी केवलरामांची साधी समजूत होती. कॅनडाचं सरकार म्हणजे प्लांटात सुट्ट्या देणाऱ्या टाइम ऑफिसहून जरा मोठं ऑफिस, एवढंच.

"देऊन टाकू धमकी," ते म्हणाले. "त्यात काय हाय?"

दुसऱ्या दिवशी पराग फोन लावायचा स्टँड घेऊन घरी आला. त्याने भिंतीवरचा पीयूषचा बक्षीस घेतानाचा फोटो उतरवला, केवलरामांना लोखंडी खुर्चीवर बसवलं आणि म्हणाला, "अंकलजी, आँखों में खून चाहिए. बोलो, भिलाईत पाय ठेवला तर कुऱ्हाडीनं तुकडे करीन."

"कुऱ्हाड कोठी हाय आपल्या घरी?" मथुराबाई दारातून म्हणाल्या. "इळी बी भोथी झाली. किती दिवस झाले सांगून राहिली, धार लावून आणा म्हून."

परागने त्यांना हात जोडून गप्प केलं आणि बटण दाबलं.

केवलरामांनी घसा खाकरला. "पीयूष," ते म्हणाले, "जेवला काय?"

पराग म्हणाला, पुन्हा. दुसऱ्या वेळी केवलराम म्हणाले, "पीयूष, तू भिलाईत पाय ठेवला तर मी तुह्ये तुकडे करीन. म्हून सांभाळून राहाय बेटा, तिकडे बर्फ असते, पाय घसरते." तिसऱ्या वेळी तुकडे करीनपर्यंत सगळं जमलं, पण शेवटी सवयीने तोंडातून "बरं, ठेवू?" निघून गेलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? परागने कपाळ पुसलं. मथुराबाईंना मात्र आता राहवेना. त्या पुढे आल्या आणि फोनकडे बोट रोखून अशा काही चार ओळी बोलल्या की बाहेर झोपलेलं कुत्रं उठून निघून गेलं.

"असं असते," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "धमकी द्याचीच होती तर मले कावून नाही विचारलं कोणी?"

"आंटीजी, आपका बढ़िया था," पराग आदराने म्हणाला. "लेकिन केस में पिताजी लिखा हुआ है."

जाताना त्याने आणखी दोन कामं सांगितली. तिकडचं सरकार गुपचूप माणूस पाठवून कॉलनीत चौकशी करतं, तेव्हा अंकलनी आजपासून जरा दरारा ठेवायचा. आणि मुलीच्या बापाकडून लिहून आणायचं की मलाही या माणसाने धमकावलंय. दरारा ठेवायला केवलराम संध्याकाळी बाजारात गेले आणि भाजीवाल्या भागाबाईकडे डोळे वटारून पाहत उभे राहिले. ती घाबरून उठली आणि पाण्याची बाटली पुढे करून म्हणाली, "का होगे कका, आँखी म कचरा चले गे का?" केवलरामांनी डोळे धुतले आणि वांगी घेऊन घरी आले.

प्रेमानंदांकडे जाताना मात्र त्यांचा पाय जड झाला. दुसऱ्याच्या लेकीचं नाव न विचारता वापरलं, हे त्यांना मनातून खटकत होतं. तरी ते गेले. प्रेमानंद अंगणात पाइपने झाडांना पाणी घालत होते. केवलरामांनी सगळी हकीगत सांगितली, धोंडबा काकासकट. प्रेमानंद आधी खूप हसले. रीना आणि पीयूष हे ऐकून तर त्यांना ठसका लागला.

"आता तू फक्त येवढं लिहून दे," केवलराम म्हणाले, "का मी तुले मारायले आलो होतो."

प्रेमानंदांचं हसणं थांबलं. त्यांनी नळ बंद केला.

"केवल, माह्या मोठ्या आत्याचा नातू होता," ते म्हणाले. "गावातल्या पाटलाच्या घरच्या पोरीवर त्याचं खरंच प्रेम होतं. त्याले अशीच धमकी भेटली. पोलिसात गेला, तर म्हणे पुरावा आण. तो नहराच्या पाण्यात सापडला. त्याच्यापाशी काही व्हिडिओ नव्हता."

इतक्या वर्षांच्या शेजारात ही गोष्ट केवलरामांनी कधी ऐकली नव्हती, आणि विचारलीही नव्हती.

"धोंडबा काकाले तू मारलं, तर कोणाचं काही गेलं नाही," प्रेमानंद म्हणाले. "पण हा अर्ज सुट्टीचा नाही. उद्या तसाच एखादा खरा पोरगा त्या साहेबासमोर उभा राहीन, आणि साहेब म्हणन, हे भिलाईवाले असेच नाटकं करतात. मी नाही लिहून देत. तू रागावला तर रागाव."

केवलरामांना राग नाही आला. त्यांना लाज वाटली, इतकी की चहा न घेताच ते उठले. प्रेमानंदांनीच त्यांना हाताला धरून बसवलं आणि रीनाला फोन लावला.

रीना रविवारी आली ती केवलरामांच्या घरच्या दारातून आत येतानाच म्हणाली, "कुठं हाय माह्या मजनू?" मथुराबाईंनी तिच्यासमोर चहा ठेवला आणि पीयूषला व्हिडिओवर घेतलं. रीना दिसताच त्याने आपोआप कानावर हात नेला.

"हात खाली घे," रीना म्हणाली. "मी दुर्गची वकील हाय, कॅनडाची नाही. पण अर्जदारांसाठी त्याईनं जे छापलं ते मी काल सारं वाचलं. तू वाचलं काय?"

"पराग भैय्या बोले, जरूरत नहीं है."

"मंग आता आयक. सही तुह्यी हाय. त्या सहीखाली लिहिलं हाय का वरचं सारं खरं हाय. खोटं निघालं तर परागचं काही जाणार नाही, तुह्यं जाईन. आता तुह्ये हक्क. तुले दुभाष्या फुकट भेटते, मराठीचा बी मागता येते. वकील ठेवता येते, अन् पैसे नसले तर सरकारी मदतीतून मागता येते. सुनावणी बंद खोलीत होते. तू जे सांगशील ते इकडे कोणाले कळवत नाही, ना पोलिसाले, ना तुह्या बापाले. माणूस पाठवून कॉलनीत चौकशी करतात, ही थाप हाय."

केवलरामांनी नकळत डोळे चोळले.

"अर्जात काही चुकीचं गेलं असन," रीना पुढे म्हणाली, "तर सुनावणीच्या आधी ते दुरुस्त कराचा हक्क हाय. निकाल विरोधात गेला तर बहुतेकाईले अपील बी असते. अन् अर्ज मागे बी घेता येते. पण मागे घेतला तर पुन्हा मागता येणार नाही, अन् ते सांगतीन त्या मुदतीत, तिथून निघाल्याची नोंद करून देश सोडा लागन. हे बी तिथल्या वकिलाले विचारून कर, मी सांगितलं म्हून नको."

"बाप्पा, किती हक्क," केवलराम म्हणाले. "आमाले प्लांटात येवढे नव्हते."

"कावून हायेत माहीत हाय का, काका? घरी गेलो तर मारून टाकतीन, हे भेव घेऊन जो येते त्याच्यासाठी हायेत. भेलेल्या माणसाले नीट बोलता येत नाही, म्हून त्याले येवढी जागा करून दिली." ती फोनकडे वळली. "पीयूष, सुनावणीत मुद्द्याची गोष्ट एकच विचारतीन. घरी गेला तर तुले कशाचं भेव हाय? परागचं उत्तर नको. तुह्यं सांग."

पीयूषने मागे वळून खोलीचं दार लागलंय का ते पाहिलं.

"दीदी, माह्या खोलीत एक पोरगा हाय," तो म्हणाला. "त्याच्या भावाले घरातून उचलून नेलं, तो पुन्हा दिसलाच नाही. याची बी सुनावणी हाय. दारावर कोणी जरा जोरात वाजवलं का तो पांढरा पडते. तो मले विचारते, तुले झोप येते काय? मले तर चांगली येते. तो म्हणते, तू नशीबवान हाय, तुह्या बाप दूर हाय म्हून. मी त्याले काय सांगू? परवा बाबाईचा व्हिडिओ आला, त्यानं मागून आयकला. त्याले मराठी येत नाही, पण म्हणे, हा आवाज तर फार चांगल्या माणसाचा हाय."

मथुराबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"म्हंजे तुले काहीच भेव नाही?" रीनाने विचारलं.

"हाय ना," पीयूष म्हणाला. "बाबाचं हाय."

सगळ्यांनी केवलरामांकडे पाहिलं. केवलरामांनी स्वतःच्या मागे पाहिलं.

"बाबाईनं साऱ्या कॉलनीले सांगून ठेवलं का मी मॅनेजर हाय. मी गोदामात खोके उचलत होतो, दीदी, अन् ते बी सुटलं. फोनवर बाबा विचारत, तुह्या हाताखाली किती माणसं हायेत. मी काही तरी आकडा सांगू. मंग ते संध्याकाळी तो आकडा बाकावर जाऊन सांगत. आता मी बॅग घेऊन दारात उतरीन, अन् बाबा रागवणार नाहीत. एक शब्द बोलणार नाहीत. नुसते पाहतीन. त्याच्यापेक्षा कुऱ्हाड बरी."

फोन बंद झाल्यावर केवलराम लोखंडी खुर्चीवर बसून राहिले. त्यांना फार वाईट वाटलं. आयुष्यात कोणावर हात उगारला नाही, कोणाला अरे म्हणून हाक मारली नाही, आणि घरचाच पोरगा सातासमुद्रापलीकडे आपल्याला भिऊन लपून बसलाय. परागने लिहिलेलं सगळं खोटं होतं, पण पोराला धोका कोणाचा वाटतो, ते नाव नेमकं बरोबर पडलं होतं. हे पचवायला त्यांना दोन कप चहा लागले.

मग त्यांनी चपला घातल्या आणि ते बागेत गेले.

स्मृति नगरच्या त्या बागेत निवृत्त मंडळींचा एक बाक आहे. संध्याकाळी तिथे पोरांचे पगार वाढतात. कोणाचा पुण्यात टीम लीडर, कोणाचा दुबईत इंजिनियर. केवलराम रोज तिथे पीयूषच्या हाताखालच्या माणसांची संख्या सांगत आणि ती कधी कमी झालेली कोणी ऐकली नव्हती. आज ते बसले नाहीत, उभेच राहिले. प्रेमानंदांनी सरकून जागा केली तरी उभेच राहिले.

"पीयूष वापस येईन बहुतेक," ते म्हणाले. "तो मॅनेजर नव्हता. गोदामात काम करत होता. आता ते बी नाही. मी तुमाले वाढवून सांगत होतो. त्यानं सांगितलं त्याच्याहून बी वाढवून."

मग केवलराम प्रेमानंदांनी केलेल्या जागेवर बसले. कमलेशचे वडील चष्मा पुसत म्हणाले की आमचा कमलेश दुबईत आहे हे खरं, पण इंजिनियराची गाडी चालवतो. त्यावर वंदनाच्या बाबांनी घसा साफ केला आणि जावयाच्या कंपनीबद्दल जे सांगितलं, त्यावरून ती कंपनी दोन वर्षांपूर्वीच बंद पडली होती. घरोघरी मातीच्या चुली, आणि हे सगळे आजवर धूर तोंडात धरून बसले होते. त्या एका संध्याकाळी स्मृति नगरातले तीन साहेब कमी झाले, आणि बाकावर कधी नव्हे ती मोकळी हसाहस झाली. प्रेमानंद तर सांगत सुटले की रीनाच्या पहिल्या वर्षीच्या केसेसमध्ये जिंकलेली एकही नव्हती.

घरी येऊन केवलरामांनी स्वतः फोन लावला. मथुराबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. पीयूष कुठल्यातरी बसस्टॉपवर होता, टोपी कानावर ओढलेली, आणि आज बापाने स्वतःहून व्हिडिओ लावलेला पाहून तो जरा मागेच सरला.

"आयक," केवलराम म्हणाले. त्यांचा आवाज यावेळी कुठे अडखळला नाही. "बाकावर सांगून आलो साऱ्याईले. गोदाम बी सांगितलं, नोकरी गेली ते बी सांगितलं. तू अर्ज ठेव नाही तर मागे घे, त्या वकिलाले विचारून तुले पटन ते कर. पण घरी याचं भेव वाटते म्हून तिकडे राहू नको. आता इथं भेवासारखं काही ठेवलं नाही मी."

बस आली, थांबली आणि पीयूषला न घेता निघून गेली. त्याने हातमोज्याने नाक पुसलं.

"वकिलाची वेळ घेतो उद्या," तो म्हणाला. "अन् बाबा, तिकीट बी पाहतो."